तक्रारीचेही निदान करावे

आपल्यापैकी अनेकजण स्वतःचे रुग्णालय चालवितात. म्हणजे डॉक्टर असण्याबरोबरच ते मालकही आहेत. २००८ साली अमेरिकेत 'ग्लासडोअर' हे संकेतस्थळ खुले झाले आणि नाव न देता आपल्या मालकाविषयी मत नोंदविण्याची प्रथा रूढ होत गेली. आपल्याकडेही परिचारिका, तंत्रज्ञ आता असे अनुभव लिहू लागले आहेत.

असा मजकूर वाचताच लिहिणाऱ्याला हुडकून काढण्याची ऊर्मी होते. ती आवरावी. शोध सुरू झाल्याचे कळले की उरलेले कर्मचारी गप्प होतात. आणि धास्तावलेली परिचारिका औषध देताना झालेली चूकही सांगत नाही. त्याची किंमत रुग्ण मोजतो.

उत्तर मात्र अवश्य द्यावे. थोडक्यात व सौम्य शब्दांत. माहिती चुकीची असल्यास वस्तुस्थिती मांडावी, परंतु कोणाची रजा, आजार वा वर्तन चव्हाट्यावर आणू नये. मर्जीतील माणसांकडून स्तुती लिहवून घेणे म्हणजे कारण न शोधता ताप उतरविणे होय. तक्रार लैंगिक छळाची असेल, तर केवळ उत्तराने भागत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिच्याकडे दाद मागण्याचा मार्ग मोकळा असावा.

एरवी लागोपाठ दोन पाळ्या, रखडलेला पगार, रुग्णांदेखत झालेला पाणउतारा यांची आधी शहानिशा करावी. मग जे सुधारले, तेवढेच उत्तरात लिहावे.