तोफ हलवायची की डागायची?



मागच्या महिन्यात एक पालक शाळेत आले. इथेच चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहेत, रात्रपाळी करून तसेच आलेले. म्हणाले, "मॅडम, पोरगं घरात काडेपेट्या मांडून तोफा तोफा खेळतंय. शाळेत लढाया शिकवता का?" प्रश्न रास्त होता. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

हो, शिकवते. पाचवीच्या वर्गात आम्ही असईची लढाई फरशीवर मांडतो. २३ सप्टेंबर १८०३, आजचा जालना जिल्हा. (आपल्या मोहोळ तालुक्यातली आष्टी जवळची खरी, पण १८१८ ची ती लढाई मुख्यतः घोडदळाची. तोफा समजायला असईच बरी.) एकीकडे शिंदे-भोसल्यांची फौज, शंभरच्या आसपास तोफा. समोर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. त्याची प्रत्यक्ष लढणारी माणसं साडेचार हजार. शंभर माणसांना एक चिंचोका, म्हणजे त्याचे ४५ चिंचोके. तोफेला काडेपेटी. केळणा आणि जुई या नद्या खडूने काढायच्या.

पायदळ एका डावात एक फरशी चालतं, घोडदळ दोन. तोफ मात्र एका डावात हलेल तरी, नाहीतर डागेल तरी. दोन्ही नाही. हा नियम माझा नाही. एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स'मध्ये खेळण्यातल्या सैनिकांसाठी तो घातलाय. जवळ चार माणसं नसतील तर तोफ हलणारही नाही आणि डागणारही नाही, हेही त्याचंच. मी त्यात फक्त बैल घातले.

आपण वर्गात काय सांगतो? "आपल्यात शिस्त नव्हती, म्हणून हरलो." मीही कित्येक वर्षं हेच सांगत आले. फरशीवर हे वाक्य टिकत नाही.

वेलस्ली सरळ समोरून आला नाही. नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं दिसली, त्यावरून मधे उतार असणार हे त्याने ताडलं आणि बाजूने नदी ओलांडली. आता शिंद्यांच्या फौजेला अख्खी रांग फिरवून तोंड बदलायचं होतं. मुलांनी चिंचोक्यांची रांग हाताने एका झटक्यात फिरवली. मी थांबवलं. म्हटलं, सुतळीने मोजा. सहा फरश्यांची रांग काटकोनात फिरली, तर आतला चिंचोका जागेवरच राहतो आणि बाहेरच्या टोकाचा जवळजवळ साडेनऊ फरश्या चालतो! म्हणजे दहा डाव, तेही रांग न मोडता. शिंद्यांच्या पलटणींनी पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली हे खरोखर केलं, तेही शत्रू अंगावर येत असताना. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग ह्यांना कवायत येत होती की!"

मग बैल. शिंद्यांच्या तोफखान्याने वेलस्लीच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज टिपले. फरशीवरचे बैल उचलले की काडेपेटी जागच्या जागी. तोफा मागे टाकून त्याला पायदळ तसंच पुढे काढावं लागलं. जिंकला तोच, ९८ तोफाही मिळाल्या. पण मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून त्याची १५८४ माणसं गेली. मुलांनी ४५ पैकी १६ चिंचोके उचलून वाटीत टाकले आणि वर्ग गप्प झाला. धड्याच्या शेवटच्या ओळीवर माझा वर्ग असा कधी गप्प झालेला नाही.

दोन तासिका जातात, मान्य. पण भूमिती, मोजमाप आणि इतिहास एकदम होतो. एकच सांगते, मारण्याचे नियम आधी शिकवू नका, चालण्याचे शिकवा. फासे आणि गुण आले की मुलं मोबाईलचा गेम खेळायला लागतात, मेलेला परत उठवतात.

यावर त्या पालकांच्याच पोराने मला अडवलंय. असईला शिंद्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग करून तोफांजवळ पडून राहिले, आणि इंग्रजांचं पायदळ पुढे गेल्यावर उठून त्यांनी मागून तोफा डागल्या, हे मीच सांगितलं होतं. तर तो विचारतो, "मग वाटीतले चिंचोके उठतात का नाही?" नियम अजून ठरलेला नाही. शनिवारी वर्गात मतदान आहे.