परवानगीचे कागद आणि हरवलेले गाव

#थ्रेड

१/
एकोणिसाव्या शतकात पन्नास लाखांच्या आसपास जर्मन माणसे अमेरिकेत जाऊन स्थायिक झाली. त्यांच्या आजच्या वंशजांपैकी अनेकांना पूर्वजाचे नाव ठाऊक असते, आगमनाचे वर्षही ठाऊक असते. ठाऊक नसते ते गाव. ते शोधण्याचे एक भरवशाचे साधन म्हणजे देश सोडण्यासाठी सरकारकडे मागितलेल्या परवानगीचे कागद. मात्र ते केवळ नावांची यादी म्हणून चाळले, तर दुसऱ्याचेच पूर्वज आपले म्हणून घरी आणले जातात. ते कोणी, कशासाठी आणि कोणाला वगळून लिहिले, हे आधी समजून घेतले पाहिजे.

२/
गावाचा एवढा आग्रह का? १८७१ पूर्वी 'जर्मनी' नावाचे एकसंध राष्ट्रच नव्हते. होती ती लहानमोठी राज्ये, संस्थाने आणि मुक्त नगरे. अमेरिकेच्या जनगणनेत जन्मस्थान म्हणून 'प्रशिया', 'बव्हेरिया' किंवा 'हेसे' एवढेच लिहिलेले आढळते. त्यातही १८६६ पर्यंत हेसे हे नाव तीन वेगवेगळ्या राज्यांच्या नावांत होते.

३/
संपूर्ण जर्मन साम्राज्यात नागरी जन्म-मृत्यू नोंदणी १८७६ पासून सुरू झाली. त्याआधीचा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांचा हिशेब बहुतांश प्रदेशांत ज्या त्या चर्चच्या वहीत असे. गाव कळल्याशिवाय वही सापडत नाही, आणि वही सापडल्याशिवाय कुलवृत्तांत पुढे सरकत नाही. गावाचे नुसते नाव कळूनही भागत नाही. १९१२ च्या मायरच्या स्थलकोशात दोन लाखांहून अधिक स्थळे आहेत आणि 'नॉयकिर्शेन'सारखी नावे त्यात पुन्हापुन्हा येतात.

४/
मग देश सोडायला परवानगी का लागे? कारण प्रजा ही राजाची मिळकत मानली जाई. प्रजेतून कर येई, वेठ येई, सैनिक येत. दक्षिण जर्मनीत अनेक शेतकरी नावाने तरी भूदास होते. बाडनमध्ये ही प्रथा १७८३ मध्ये संपली, व्युर्टेम्बर्गमध्ये १८१७ मध्ये. तोवर गाव सोडणाऱ्याला दास्यमुक्तीचे शुल्क भरावे लागे. शिवाय राज्याबाहेर नेल्या जाणाऱ्या मालमत्तेवर, बहुधा दहाव्या हिश्शाइतका, कर असे. या वसुलीमुळेच अठराव्या शतकातील कित्येक नावे कागदावर टिकली. खजिन्याची हाव पुढे वंशजांच्या उपयोगी पडली.

५/
व्युर्टेम्बर्गच्या १८१९ च्या राज्यघटनेने असा कर न भरता देश सोडण्याचा हक्क दिला, पण अटी घालून. जाणाऱ्याने अधिकाऱ्याला आधी कळवावे, कर्ज आणि इतर देणी चुकती करावीत, वर्षभर राजा व देश यांच्याविरुद्ध शस्त्र न धरण्याची हमी द्यावी आणि जुन्या दाव्यांसाठी वर्षभर इथल्या न्यायालयांना उत्तरदायी राहावे. आता राज्याला त्याच्या देहाची चिंता उरली नव्हती. चिंता होती ती त्याने मागे ठेवलेल्या उधारीची.

६/
या अटींमुळे एकेका अर्जाभोवती कागदांचा पुडका जमे. गावच्या प्रमुखाचा दाखला, जामीनदाराचे नाव, घरदार विकून आलेल्या पैशाचा अंदाज, नागरिकत्व सोडल्याची सही, बायको-मुलांची नावे आणि जन्मतारखा. अर्ज गावातून तालुक्याच्या कचेरीत आणि तेथून वर जाई. म्हणूनच त्यात 'व्युर्टेम्बर्ग' असे मोघम उत्तर चालत नसे. कर्ज कोणत्या गावचे आणि जामीन कोणत्या गावचा, हे लिहावेच लागे. जहाजावरच्या कारकुनाला प्रवाशाच्या गावाशी देणेघेणे नव्हते, पण कचेरीतल्या कारकुनाला होते. या कागदांचे सारे मोल या एका फरकात आहे.

७/
व्युर्टेम्बर्गच्या अर्जांवरून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेल्या बहुखंडी सूचीत सुमारे साठ हजार नावे आहेत. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, तालुका, अर्जाचा काळ, कुठे जाणार आणि मूळ कागद कोणत्या फिल्मवर, एवढे एका ओळीत मिळते. सूची उपयोगाची आहे, यात शंका नाही. पण पुष्कळ शोध त्या ओळीपाशीच थांबतात आणि खरा तोटा तेथेच होतो. सूची फक्त दार दाखवते. माणूस भेटतो तो मूळ पुडक्यात.

८/
त्या पुडक्यातही सगळे खरे असतेच असे नाही. गावाबाबत अर्ज विश्वासार्ह असतो, कारणाबाबत तितका नाही. ज्याच्याकडे परवानगी मागायची, त्याच्याच जुलमाची तक्रार अर्जात कोण लिहील? तंबोरा ज्वालामुखीच्या १८१५ च्या उद्रेकानंतर उन्हाळाच न आल्यासारखे १८१६ हे वर्ष गेले आणि दक्षिण जर्मनीत अन्नान्नदशा झाली. १८१७ मध्ये लोक थव्याथव्याने निघाले. तेव्हा व्युर्टेम्बर्ग सरकारने फ्रीडरिश लिस्ट या तरुण अधिकाऱ्याला हाइलब्रोन परिसरात पाठवून निघालेल्यांचे जबाब घेतले. हाच लिस्ट पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून गाजला. त्या जबाबांत उपासमार होती, तशीच करांचा बोजा आणि अधिकाऱ्यांची अरेरावी यांची उघड तक्रारही होती. एरवीच्या अर्जांतल्या सभ्य वाक्यांमागे काय दडले असेल, याची कल्पना त्यावरून येते.

९/
सर्वांत बोलके कागद अविवाहित स्त्रियांचे. व्युर्टेम्बर्ग, बव्हेरिया अशा दक्षिणेकडील राज्यांत गरिबांच्या विवाहावर निर्बंध होते. पुरेशी मिळकत दाखवली नाही, तर गाव लग्नाची संमती नाकारू शके. परिणामी अनेक जोडप्यांची मुले लग्नाविना जन्मली आणि आईच्या आडनावाने नोंदली गेली. पुढे अमेरिकेत लग्न झाले आणि मुलाने बापाचे आडनाव घेतले. आता दीडशे वर्षांनी वंशज बापाच्या आडनावाखाली त्या मुलाचा जन्म शोधतो आणि रिकाम्या हाताने परततो. मूल सापडते ते आईच्या अर्जात, 'अविवाहित, एका मुलासह' अशा कोरड्या शब्दांत. जे घराण्याने लपवले, ते कचेरीने जपून ठेवले.

१०/
परवानगी नेहमी मागितलीच जाई असेही नाही. कधी ती लादली जाई. १८४६ मध्ये हेसे-डार्मश्टाटमधील ग्रोस-त्सिमर्न या गावाने आपल्या गरिबांची मोठी टोळी सार्वजनिक खर्चाने न्यूयॉर्कला पाठवली. आयुष्यभर पोसण्यापेक्षा एकदाचे जहाजभाडे स्वस्त, असा तो हिशेब होता. अशा यादीत नाव सापडले म्हणजे 'पूर्वज साहसी होते' असे लिहून मोकळे होता येत नाही. त्यांना निवड करण्याची संधी तरी मिळाली होती का, हा प्रश्न आधी येतो.

११/
आणि ज्यांचे नाव कुठेच नाही, ते? १८७० च्या नागरिकत्व कायद्याने साधारणपणे कोणालाही मुक्ती मिळे. मात्र १७ ते २५ वयाच्या तरुणाला तो सैन्यसेवा टाळण्यासाठीच जात नाही, असा दाखला आणावा लागे. त्यामुळे नेमके हेच तरुण पुष्कळदा न विचारता निघून गेले. १८८० च्या दशकात स्थलांतराची सर्वांत मोठी लाट आली. अर्जांच्या नोंदींवर विसंबावे, तर तिच्यातले कितीतरी जण निसटतात.

१२/
प्रसिद्ध उदाहरण फ्रीडरिश ट्रम्प यांचे, म्हणजे डोनाल्ड ट्रम्प यांच्या आजोबांचे. बव्हेरियाच्या ताब्यातील फाल्ट्स प्रांतात कालश्टाट हे त्यांचे गाव. १८८५ मध्ये, सोळाव्या वर्षी, ते मुक्तीचा कागद न घेताच अमेरिकेला गेले. पुढे पैसा आणि अमेरिकी नागरिकत्व मिळवून ते पत्नीसह गावी परतले आणि तिथेच राहू देण्याची विनंती केली. सैन्यसेवा चुकवल्याचा ठपका ठेवून १९०५ मध्ये त्यांना देश सोडण्याचा आदेश झाला. राजप्रतिनिधी लुइटपोल्ड यांच्याकडे केलेला विनंतीअर्जही फेटाळला गेला. जाताना न मागितलेल्या परवानगीने परतताना मात्र कागदांचा ढीग निर्माण केला.

१३/
म्हणून 'अर्ज नाही, म्हणजे माणूस त्या गावचा नाही' हा निष्कर्ष चुकीचा. गैरहजर तरुणांना बोलावणाऱ्या सरकारी सूचना, दंड, वारसाहक्काचे खटले येथे तो भेटू शकतो. हॅम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ च्या प्रवासी याद्याही आहेत, पण त्यांतले गाव हे शेवटच्या वास्तव्याचे असते, जन्माचे असेलच असे नाही. ब्रेमेनच्या जुन्या याद्या जागेअभावी नष्ट करण्यात आल्या आणि उरलेल्यांतल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. १९२० ते १९३९ मधल्या बऱ्याचशा उरल्या.

१४/
उलट दिशेची चूकही तितकीच घातक. सूचीत नाव जुळले, वय साधारण जुळले, की ते गाव आपले मानले जाते. म्युलर, श्नायडर, त्सिमरमान ही नावे गावोगाव होती. अमेरिकेत तीच मिलर, स्नायडर, कार्पेंटर झाली. शिवाय अर्ज केलेला प्रत्येक जण निघालाच असे नाही, आणि निघालेला प्रत्येक जण ठरवलेल्या देशातच पोहोचला असेही नाही. म्हणून शोध अमेरिकेच्या टोकापासून सुरू व्हावा: चर्चची नोंद, थडग्यावरील लेख, नागरिकत्वाचा अर्ज, शेजारी स्थायिक झालेली त्याच गावची कुटुंबे. मग बायको-मुलांची नावे आणि जन्मतारखा अर्जाशी ताडून पाहाव्यात. एकटे नाव हा योगायोग असू शकतो, पण सहा जणांचे कुटुंब तारखांसह जुळले तर तो पुरावा ठरतो.

१५/
परवानगीचे कागद पूर्वजांसाठी लिहिले गेले नाहीत आणि वंशजांसाठी तर नाहीतच. ते लिहिले गेले कर, कर्ज आणि सैनिक यांच्या हिशेबासाठी. त्या हिशेबात जो बसला तो नोंदला गेला, आणि जो निसटला त्याची जागा कोरी राहिली. दफ्तर वाचणाऱ्याने नोंदीइतकेच त्या कोऱ्या जागेकडेही लक्ष द्यावे. पुरावा अपुरा असेल, तर वंशवृक्षात गावाच्या रकान्यात काहीच न लिहिणे हेही इतिहासाचे काम आहे. चुकीचे गाव लिहिले, की खऱ्या गावाचा शोध कायमचा थांबतो.