आधी उतरा, मग बोला

'विचार करून सांगतो, फादर!' धर्मगुरू म्हणून आजवर आम्ही सर्वांत अधिक वेळा ऐकलेले वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही हेच सांगू. भावाशी अबोला सोडण्याचा विषय असो, दारूचा असो की वडिलार्जित जमिनीच्या वाटणीचा, उत्तर ठरलेले. वाक्य मोठे सभ्य आहे. त्यात नकार नाही, उद्धटपणा नाही. पण अनुभवाअंती आम्ही या निष्कर्षाप्रत आलो आहोत की, हे वाक्य उच्चारले जाते तेव्हा विचार बहुधा केव्हाच संपलेला असतो. उरलेला असतो तो केवळ हट्ट. विचाराचा झगा पांघरून तोच आमच्यासमोर उभा राहतो.

एक घटना सांगतो. आम्ही वसईतल्या एका धर्मग्रामात सेवेस होतो. तेथे दोन चुलत घराण्यांच्या सामाईक मालकीचे एक बावखल होते. कधीकाळी त्यावर दोन्ही वाड्यांची केळी आणि फुलझाडे पोसली गेली. पुढे गाळ साचला. उपसण्याचा खर्च कोणी किती करायचा, यावरून बोलणी फिसकटली आणि अबोला सुरू झाला. मिस्साला दोन्ही घरे येत, पण मंदिराच्या दोन टोकांना बसत. २०१८ च्या जुलैत वसई जलमय झाली, तेव्हा पाणी मुरायला जागा उरली नाही हे सर्वांनाच उमगले. मग आम्ही काय केले? समिती नेमली! बैठका झाल्या, चहा झाला, इतिवृत्ते लिहिली गेली. एक म्हणे, 'त्यांनी आधी चूक कबूल करावी.' दुसरा म्हणे, 'त्यांनी आधी आमच्या दारात यावे.' तीन उन्हाळे असेच सरले. दरम्यान रात्रीच्या अंधारात कोणी तरी येऊन बावखलात राडारोडा टाकून जाऊ लागले. जो टाकत होता, त्याला मात्र विचार करायला वेळ लागत नव्हता.

अखेर एका सकाळी त्यांपैकी एका घरातील वृद्ध माऊली घमेले घेऊन एकटीच चिखलात उतरली. आम्ही धावत गेलो. 'आजी, पुढच्या बैठकीत निर्णय होणारच आहे,' असे आम्ही म्हणालो. ती मान वर न करता म्हणाली, 'फादर, तुमचा ठराव होईल तेव्हा होवो. गाळ आज आहे.' शरमेने आमची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरची सून उतरली. चार दिवसांनी पुरुषांना काठावर उभे राहणे जड झाले. त्या वर्षी बावखलात पाणी साठले. खर्चाचा वाद आजही पुरता मिटलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एकाच घमेल्याला दोन्हीकडून हात लावायचा, तर 'धर' आणि 'सोड' एवढे तरी बोलावेच लागते. अबोला तेथेच मोडला.

यावर आमचे काही सुशिक्षित बांधव म्हणतील, 'फादर, तुम्ही अविचाराचा पुरस्कार करता. सुज्ञता हा सद्गुण नव्हे काय?' आहे, चार मूलभूत सद्गुणांत तिला अग्रस्थान आहे. परंतु सुज्ञता म्हणजे काय, हे तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनसला विचारा. आपल्या 'सुम्मा' ग्रंथात तो सुज्ञतेची तीन कार्ये सांगतो: विचारविनिमय, निर्णय आणि निर्णय अमलात आणण्याची स्वतःला केलेली आज्ञा. यांतले मुख्य कार्य तिसरे, असे त्याने निःसंदिग्धपणे म्हटले आहे. म्हणजे पहिल्या पायरीवरच मुक्काम ठोकणारा माणूस स्वतःला सुज्ञ म्हणवून घेत असेल, तर ती आत्मवंचना होय. आणि हट्ट? त्याला हाच संत पोकळ प्रतिष्ठेच्या अपत्यांत गणतो. आपण कोणापेक्षा कमी ठरू नये, या धडपडीतून तो जन्मतो. 'मी आधी का जाऊ?' या प्रश्नाचे कूळ हे असे आहे.

पवित्र शास्त्रातील नामान आठवा. अरामाच्या राजाचा हा पराक्रमी सेनापती कुष्ठाने ग्रासलेला होता. सोने, चांदी, उंची वस्त्रे घेऊन तो अलीशा संदेष्ट्याच्या दारी आला. संदेष्टा बाहेरसुद्धा आला नाही. यार्देनेत सात वेळा स्नान कर, एवढाच निरोप त्याने पाठवला. नामान संतापला. संदेष्टा कसा बाहेर येईल, कसा उभा राहील, हात कसा फिरवील, याचे सारे चित्र त्याने मनात आधीच रंगवले होते. शिवाय दमास्कसच्या नद्या काय वाईट होत्या? अतिविचार आणि हट्ट ही सख्खी भावंडे एकाच रथात बसलेली पाहायची असतील, तर ती येथे पाहावीत. त्याचे डोळे उघडले ते चाकरांनी: अवघड काही सांगितले असते तर केले असतेत, मग सोपे का करीत नाही? तो उतरला. लक्षात घ्या, त्याला आधी सारे पटले आणि मग तो उतरला असे घडले नाही. तो उतरला, बरा झाला, आणि त्यानंतर त्याने इस्राएलाच्या देवाची कबुली दिली.

ज्यांचे मन खरोखर आजारी आहे, चिंतेने ज्यांची झोप उडाली आहे, त्यांना आमचे हे शब्द लागू नाहीत. त्यांना डॉक्टर हवा आणि घरच्यांची माया हवी. आमचे भांडण धडधाकटांशी आहे, आणि त्यांत आम्हीही आलो. कृती टाळायची असेल तेव्हा समिती नेमण्याची कला आम्हा धर्मगुरूंइतकी क्वचितच कोणाला साधली असेल!

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की, वेदीपाशी दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवावे आणि आधी जाऊन समेट करावा. चूक कोणाची, हा प्रश्न प्रभूने तेथे विचारलेलाच नाही. खर्चाची वाटणीही विचारलेली नाही. सांगितले ते फक्त जायला.

तेव्हा, प्रिय वाचकहो, हा लेख वाचून 'फादरांनी विचार करायला लावले' असे कृपया म्हणू नका. तशी शाबासकी आम्हाला नको. ज्या दारात तुम्ही कित्येक वर्षांत पाऊल टाकलेले नाही, ते दार तुम्हाला ठाऊक आहे. अंक मिटा, चपला घाला आणि निघा. काय बोलायचे, ते वाटेत सुचेल. न सुचले तरी दार ठोठावता येते.