घरचा पोहण्याचा हौद : पाणी फिरते ठेवा

सुट्टीत भाचरे-पुतणे जमले की बंगल्यातला पोहण्याचा हौद दिवसभर गजबजतो. भगिनींनो, पाणी वरून निळेशार दिसत असले तरी पायऱ्यांजवळचा कोपरा एकदा हाताने चाचपून पाहा. बुळबुळीत लागला तर तिथे पाणी फिरत नाही असे समजा. अशा वेळी क्लोरीन वाढवून भागत नाही. पाणी फिरेल तिथेच ते पोहोचते.

आधी साधा हिशेब करा. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल हौदात 40 हजार लिटर पाणी मावते. पंप तासाला 5 हजार लिटर ओढत असेल, तर तेवढे पाणी गाळायला 8 तास लागतात. रोज तेवढा वेळ तो चालवा.

गाळलेले पाणी हौदात परत सोडणारी तोंडे एकाच दिशेने, किंचित खाली वळवा. म्हणजे पाणी गोल फिरते. स्किमरची टोपली रोज रिकामी करा. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यावर ठेवा, नाहीतर पंप हवा ओढतो. वाळूच्या फिल्टरवरचा दाब नेहमीपेक्षा 8 ते 10 पीएसआयने वाढला की बॅकवॉश करा. कोपरे आठवड्यातून एकदा ब्रशने घासा.

तळाच्या जाळीचे झाकण मात्र मुले उतरण्यापूर्वी रोज पाहा. ते तुटले किंवा ढिले झाले असेल, तर पंप बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. पंपाच्या ओढीत केस किंवा हात अडकला, तर मोठ्या माणसालाही सोडवणे कठीण जाते.