२ जीबी रॅमचा कॉम्प्युटर भंगारात काढण्याआधी ही चाचणी घ्या

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते. त्यात एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकलेत. मग समजा, रत्नागिरीत मांडवीतल्या एखाद्या घरात २ जीबीचा जुना कॉम्प्युटर पडून आहे, त्याचं करायचं काय? 'लिनक्स टाका' असं सगळेच सांगतात. पण ते त्याच्यावर धड चालेल का, हे कसं कळणार?

इथे कर्नलचा संबंध येतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुठल्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची आणि जागा संपली की कोणाला बाहेर काढायचं, हे तो ठरवतो. बाहेर काढलेला डेटा डिस्कवरच्या 'स्वॅप'मध्ये जातो. डिस्क, त्यातही जुनी हार्ड डिस्क, रॅमपेक्षा प्रचंड संथ असते. म्हणून माऊस गोठतो आणि आपण 'हँग झाला' म्हणतो.

महाराष्ट्रात हा प्रयोग झालाय. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे एक्सओ लॅपटॉप आले. त्यांच्यात लिनक्स होतं, रॅम फक्त २५६ एमबी आणि स्वॅप नव्हताच! एकाच वेळी जास्त गोष्टी उघडल्या की हे मशीन अडकायचं.

तेव्हापासून कर्नल बराच सुधारलाय. 'झेडरॅम' डेटा डिस्कवर न पाठवता रॅममध्येच दाबून ठेवतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये हीच युक्ती असते. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत गुगलच्या इंजिनिअर्सनी लिहिलेली, मेमरीतून काय काढायचं ते ठरवण्याची नवी पद्धत आली.

चाचणी घेताना मात्र लोक हमखास चुकतात. रिकाम्या मशीनवर किती सेकंदांत काम झालं, एवढंच मोजतात. लिनक्सला बूट करताना 'मेम' पर्याय देऊन नव्या मशीनची रॅमही २ जीबीपुरती मर्यादित करता येते, पण त्याची डिस्क वेगवान असते, त्यामुळे निकाल फसवा येतो. जुन्याच मशीनवर, ब्राउझरमध्ये रोजचे टॅब उघडून तपासा. सगळं काम मेमरीसाठी किती टक्के वेळ अडून राहिलं, हे कर्नल स्वतःच सांगतो: 'प्रॉक'मधल्या 'प्रेशर' फोल्डरची 'मेमरी' फाइल उघडा, 'फुल'ची ओळ बघा. आधी झेडरॅम बंद ठेवून, मग चालू करून. दोन्ही वेळा टॅब तेच हवेत.

चालू केल्यावरही आकडा उतरला नाही, तर त्या मशीनवर यूट्यूबचा हट्ट सोडा. टायपिंग, हिशेब, पीडीएफ वाचणं याला ते अजून चालेल.