रंगाखाली काय आहे ते पाहा

इंग्लंडातील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून 1962 ते 1980 या काळात एमजीबी ही स्पोर्ट्स गाडी 5 लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडली. तिचे शौकीन आजही स्टिअरिंगचा रॅक झिजला की 'रीबिल्ट' मागवतात. जुना रॅक परत दिला की अनामत परत, असा तिथला रिवाज.

आमचे म्हणणे असे की 'रीबिल्ट' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. नवे रबरी बूट, वरून काळा रंग, झाले काम! खरी झीज दांड्याच्या मधल्या दातांवर असते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. आपल्या गॅरेजवाल्या बांधवांना हे सांगायला नको. ती झीज लपवायला डॅम्पर आवळला, तर मधली ढिलाई जाते. पण पूर्ण वळणावर न झिजलेले दात अडकतात आणि स्टिअरिंग मोक्याच्या क्षणी जड होते. म्हणून रॅक हाती आला की गाडीला बसवण्याआधी पिनियन या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरवून पाहावा. कुठे अडला तर माल परत करावा.

अमेरिकेतील डाव्या स्टिअरिंगचा रॅक उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालत नाही, कितीही स्वस्त मिळो.

अनोळखी खोक्यापेक्षा आपलाच रॅक चांगल्या कारागिराकडून दुरुस्त करून घेणे आम्हाला बरे वाटते. गाडी काही दिवस उभी राहील, राहू द्यावी. आतले बॉल-जॉइंट बदलले की नुसते आवळले, हे जो कारागीर पावतीवर लिहून देतो, त्याच्याशी भावात घासाघीस करू नये.