पाहुण्यांचा जामीनदार

मृग नक्षत्राचा पाऊस जरा स्थिरावला, की आमच्या चिंचवडच्या घरातला फोन वाजू लागतो. "या रविवारी येतोय आम्ही. लोणावळा दाखवाल ना?" विचारणारे कधी नागपूरचे असतात, कधी सोलापूरचे. नोकरीतली तीन वर्षे मी लोणावळ्याच्या शाखेत काढली. त्यामुळे बोरघाट ही माझ्या घरामागची परसबाग आहे, असा नातेवाइकांचा समज आहे. तो मी कधी खोडून काढलेला नाही. खरे सांगायचे तर त्यात सुख असते. खंडाळ्याला धुके विरळ झाले आणि समोर राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले उघडे पडले, की पाहुणे "अहाहा" म्हणतात आणि यजमान उगाच लाजतो. जसा काही डोंगर त्याच्याच तीर्थरूपांनी बांधला होता!

बँकेत असताना मला कर्जदारापेक्षा जामीनदाराच्या चेहऱ्याचे कुतूहल असे. कुणाचा साडू, कुणाचा शेजारी, कुणाचा ऑफिसातला सहकारी. "कागद वाचलात का?" असे विचारले, की हसून म्हणत, "घरचाच माणूस आहे हो." आणि सही करून मोकळे होत. पुढे हप्ते थकले, की नोटीस त्यांच्याही दारी जाई. तेव्हा तेच चेहरे पाहवत नसत. भीड ही भिकेची बहीण, हे मी टेबलाच्या अलीकडे बसून वर्षानुवर्षे पाहिले. पण घाटात पाहुणे घेऊन जाणारा यजमानही असाच एक जामीनदार असतो, हे मला फार उशिरा कळले.

जुलै 2016 ची गोष्ट. नागपूरहून व्याही-विहीणबाई आले होते. बरोबर आमची मुलगी आणि सहा वर्षांचा नातू. मुलीच्या सासऱ्यांना "नको" म्हणायचे, हे आपल्याकडच्या मुलीच्या बापाला जमत नाही. भुशी धरणापाशी ही गर्दी होती. व्याही म्हणाले, "जरा वर जाऊ, तिथे निवांत दिसते." वरच्या अंगाला एक ओढा होता. पाणी घोट्याएवढे. ते नातवाचे बोट धरून मधल्या खडकावर जाऊन बसले. त्या ओढ्यांची रीत मला ठाऊक होती. आमच्या शाखेतल्या शिपायाने ती मला पहिल्याच पावसाळ्यात सांगितली होती. आपल्या डोक्यावर भुरभुर असते, तेव्हा वरच्या पठारावर धो धो कोसळत असते. उतार तीव्र, खाली उघडा कातळ, त्यामुळे पाणी मुरत नाही. ते काही मिनिटांत खाली येते. आधी त्याचा रंग बदलतो, मग काटक्या, पालापाचोळा वाहत येतो आणि मग लोंढा. हे सारे मला माहीत होते आणि मी काठावर छत्री धरून हसतमुखाने उभा होतो.

ओरडली ती कणसे भाजणारी एक बाई. "पानी गढुळलंय, दिसत न्हाई का? पोराला काढा आधी!" तिने पदर खोचला, स्वतःच पाण्यात उतरली आणि नातवाला खसकन ओढून बाहेर आणले. मागोमाग व्याही धडपडत आले. थोड्याच वेळात तो खडक दिसेनासा झाला. नंतर आम्ही चिक्की घेतली, घरी आलो आणि सगळ्यांना सांगितले, "फार मजा आली."

30 जून 2024 रोजी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या प्रवाहात सहलीला आलेल्या एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, एक बाई आणि चार मुले. एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचे चित्रण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले. मी ते पुरते पाहू शकलो नाही. पुढच्या वर्षी 15 जून 2025 ला, रविवारीच, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघे गेले. दर वेळी बंदीचे हुकूम निघतात, आणि ते निघायलाच हवेत. पण प्रत्येक ओढ्यावर पोलीस उभा राहू शकत नाही. प्रत्येक पाहुण्याबरोबर यजमान मात्र असतो.

भुशीच्या त्या बातमीनंतर आठवड्याने व्याह्यांचा फोन आला. आठ वर्षे आम्ही दोघेही तो विषय टाळत आलो होतो. ते म्हणाले, "एक विचारू? मला पोहता येत नाही. पाण्यात पाय टाकताना मी तुमच्याकडे पाहिले होते. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून म्हटले, इथे भीती नसेल." मी ज्याला पाहुण्यांचा मान समजत होतो, तो त्यांनी माझा शब्द समजला होता. कोऱ्या कागदावर मी सही करून बसलो होतो.

मग पावसाळ्यात घरात बसायचे का? मुळीच नाही. पाहुण्यांना मुंबईहून दिवसाच्या गाडीने आणा. कर्जतला कित्येक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने जोडतात. रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात, हे मी प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने सांगतो. तिथे बटाटावडा घ्यावा आणि खिडकीत बसून बोगद्यांमागून बोगदे, मधूनच फुटणारे धबधबे बघावेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात न्यावे. बाहेर पाऊस कोसळत असताना छताच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानींखाली उभे राहण्यासारखे दुसरे सुख नाही. डोंगर पाहायला पाण्यात उतरावेच लागते असे कुठे आहे?

यंदाही फोन येतील. येणाऱ्याला मी आधीच सांगून ठेवतो, "घाट दाखवीन, जेवू घालीन, ओढ्यात उतरू देणार नाही." एकदोघे रुसले. एका मावसभावाने तर "तुम्ही म्हातारे झालात" म्हणून फोन ठेवला. ठेवू द्या. रुसलेला पाहुणा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फोन करतो.